क्षयाच्या सावलीतली नवी औषधं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए.ला मराठी घेतलं, शास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला आणि नोकरी मिळाली ती एका ट्रस्टच्या ग्रंथालयात. त्यामुळं ‘बायोलॉजिक औषधांवर बोलाल का?’ असा केंद्रावरून फोन आला तेव्हा मी म्हटलं, एखाद्या डॉक्टरांना विचारा. पलीकडून उत्तर आलं, ‘डॉक्टर नेहमीच बोलतात. ज्याच्या शिरेत ते औषध गेलंय त्याचं ऐकायचंय.’ तेवढी पात्रता माझ्याकडं आहे. २०१९ सालापासून हे औषध माझ्या शिरेतून जातं आहे.

आधी आजाराविषयी. बाहेरून आलेल्या जंतूंना ओळखून त्यांचा बंदोबस्त करणारी एक यंत्रणा आपल्या शरीरात असते. कधी कधी तिची ओळख पटवण्यातच गफलत होते. जे आपलं आहे ते परकं समजून ती त्याच्यावर तुटून पडते. सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडली तर संधिवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर तुटून पडली तर व्हॅस्क्युलायटिस. रक्तवाहिनी सुजते, आतून अरुंद होते, बंद पडते किंवा फुटते. रक्तवाहिन्या तर डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडं. म्हणून हा आजार कुठूनही सुरू होतो आणि ज्या अवयवाचा डॉक्टर गाठावा, तो आपल्या अवयवापुरतं औषध देऊन मोकळा होतो.

असली दुखणी शहरातल्या, बसून काम करणाऱ्या लोकांची, असा एक समज आहे. तो आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावानं खोडून काढला. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या पाण्याकाठी भिगवण आहे. हिवाळ्यात लोक तिथं रोहित पक्षी बघायला जातात. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी तिथं घरोघर गेले, ते सांधे कुणाचे दुखतात हे विचारायला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं आखलेल्या पाहणीचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी अठरा टक्के लोकांना सांध्या-स्नायूंची दुखणी निघाली आणि दर दोनशे माणसांत साधारण एकाला खरा ऱ्हुमॅटॉइड संधिवात. पाचशे पानांचं लग्न धरा, पंगतीत दोन-तीन माणसं अशी बसलेली असणार. व्हॅस्क्युलायटिस त्या मानानं पुष्कळच विरळा आहे. पण विरळा असणं हीच त्यातली मोठी अडचण आहे. दिसत नाही म्हणून आठवत नाही, आठवत नाही म्हणून सापडत नाही.

माझा आजार नाकातून सुरू झाला. २०१८ च्या पावसाळ्यात नाक चोंदायचं, आत खपल्या धरायच्या, शिंकरलं की रक्त यायचं. डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं. सायनसचं औषध झालं, कानाचं झालं. दिवाळीपर्यंत ताप, खोकला आणि वजन नऊ किलोंनी उतरलेलं. खोकल्यातून रक्त आलं तेव्हा छातीचा फोटो काढला. फोटोत गोल गोल डाग आणि त्यातल्या एका डागात पोकळी. ताप, खोकला, रक्त, घटलेलं वजन, छातीत पोकळी. आपल्याकडं एवढं सांगितलं तर रिक्षावालासुद्धा निदान करील. टीबी. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण जंतू न सापडणारा टीबीही असतोच. गोळ्या सुरू झाल्या.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. अशा देशात छातीत पोकळी दिसूनही ज्याच्या मनात टीबी येत नाही तो डॉक्टर कसला? माझं म्हणणं एवढंच, की अंदाजानं सुरू केलेल्या उपचाराला मुदत हवी. दोन महिने गोळ्या खाऊन ताप उतरत नाही. चालताना डाव्या पायातली चप्पल आपोआप निसटते, कारण पाऊल वर उचललंच जात नाही. पोटऱ्यांवर जांभळे ठिपके येतात, लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. आता तरी ‘टीबी नाही, तर मग काय?’ हा प्रश्न विचारायचा की नाही?

तो विचारला दुसऱ्या एका रुग्णालयातल्या तरुण निवासी डॉक्टरीणबाईंनी. वय सत्तावीस-अठ्ठावीस. पहिल्याच दिवशी त्यांनी कुठली महागडी तपासणी सांगितली नाही. साधी लघवी तपासायला पाठवली. तिच्यात रक्तपेशी आणि प्रथिनं निघाली. मग खाटेच्या कडेला बसून म्हणाल्या, ‘काका, नाक, फुफ्फुस, पायाची नस आणि किडनी. चौघांना एकदम टीबी होणं अवघड आहे. या चौघांमध्ये सारखं काय आहे सांगा?’ मी म्हटलं, मी. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘तेही खरं. पण मी रक्तवाहिन्या म्हणणार होते.’

पुढं रक्ताची ‘अँका’ नावाची तपासणी झाली, किडनीचा बारीक तुकडा काढून पाहिला गेला आणि आजाराला नाव मिळालं: ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. जुन्या पुस्तकांत तो वेगेनर या जर्मन डॉक्टराच्या नावानं आढळेल. त्या गृहस्थांचा नाझी पक्षाशी असलेला संबंध उघडकीला आल्यावर २०११ साली वैद्यकीय संघटनांनी त्यांचं नाव काढून हे लांबलचक नाव रूढ केलं. उच्चारायला जुनं सोपं होतं, पण नाव बदललं ते बरंच झालं. आपल्या किडनीवर असल्या माणसाची पाटी कशाला हवी?

या आजाराला एकेकाळी काय किंमत मोजावी लागत होती हे ऐकून ठेवा. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, उपचार न मिळालेले रुग्ण सरासरी पाच महिने जगले होते आणि शंभरातले ब्याऐंशी वर्षाच्या आत गेले होते. स्टिरॉइड आल्यावर थोडी उसंत मिळाली. कॉर्टिसोन पहिल्यांदा १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं आणि खाटेला खिळलेलं माणूस चालू लागलं. ते देणाऱ्या फिलिप हेंच यांना दोन वर्षांत नोबेल मिळालं. पण स्टिरॉइडचं देणं एका हाताचं आणि घेणं दुसऱ्या हाताचं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. त्यानंतरची मोठी उडी मारणाऱ्यांत एक नाव असं आहे, की कोरोनाच्या काळात ते तुम्ही टीव्हीवर रोज ऐकलं असेल. डॉ. अँथनी फाउची. १९७० च्या दशकात ते तरुण संशोधक होते. कर्करोगावरचं सायक्लोफॉस्फामाइड हे औषध स्टिरॉइडच्या जोडीनं देऊन त्यांनी आणि शेल्डन वुल्फ यांनी या रुग्णांना वाचवलं. १९८३ साली त्यांनी ८५ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यातल्या ९३ टक्क्यांचा आजार पूर्ण शमला होता. मरणाचा आजार जुनाट आजार झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण सायक्लोफॉस्फामाइड सगळ्याच वेगानं वाढणाऱ्या पेशींवर चालून जातं. मूत्राशयातून रक्त येऊ शकतं, पुढं कर्करोगाची भीती राहते आणि तरुण बाईच्या आई होण्यावर गदा येते. अजूनही ते वापरतात, काही वेळा तेच योग्य असतं. पण आता दुसरी वाट आहे.

ती वाट म्हणजे बायोलॉजिक. नेहमीची गोळी ही रसायन जुळवून केलेली असते. बायोलॉजिक जिवंत पेशींकडून तयार करवून घेतात. मोठमोठ्या टाक्यांमध्ये पेशी वाढवायच्या आणि त्यांनी तयार केलेलं प्रथिन गाळून शुद्ध करायचं. याचं मूळ १९७५ साली केंब्रिजमध्ये आहे. जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्यावर नेम धरणारं प्रतिपिंड हवं तेवढं तयार करण्याची युक्ती शोधली. पेटंट घेतलं नाही. नोबेल मात्र १९८४ साली मिळालं.

या औषधांची नावं ऐकली की माझ्यातला गझल लिहिणारा जागा होतो. रिटुक्सिमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, टोसिलिझुमॅब, अडालिमुमॅब. सगळ्यांचा रदीफ एकच, ‘मॅब’. तो मोनोक्लोनल अँटिबॉडीचा आहे. त्याच्या आधीचं अक्षरही उगाच नाही. ‘क्सि’ असेल तर प्रतिपिंडाचा काही भाग उंदराचा आणि बाकीचा माणसाचा. ‘झु’ असेल तर उंदीर अगदी नावापुरता उरलेला. ‘मु’मधला नुसता ‘उ’ असेल तर सगळं माणसाचं. २०१७ पासून नव्या औषधांना ही खूण लावणं बंद झालं, पण जुनी नावं आहेत तशीच आहेत. हे मी घरी मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं. अम्मीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे तुझ्या अंगात उंदीर सोडणार?’ तेव्हापासून व्याकरण घरी शिकवत नाही.

माझ्या वाट्याला ‘क्सि’वालं आलं. रिटुक्सिमॅब. १९९७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी. रक्तातल्या बी पेशींवर एक खूण असते, ती ओळखून हे औषध त्या पेशी नाहीशा करतं. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या कुळातल्या या पेशी. लंडनच्या जोनाथन एडवर्ड्स यांनी विचार केला, की चुकीची प्रतिपिंडं जिथून येतात तो कारखानाच काही काळ बंद ठेवला तर? संधिवाताच्या रुग्णांवर त्यांनी ते करून पाहिलं आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मग २०१० साली १९७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. माझ्या जातीच्या व्हॅस्क्युलायटिसमध्ये रिटुक्सिमॅब सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीस तोड ठरलं आणि आजार उलटून आलेल्या रुग्णांत तर सरस. २०११ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. सगळीच बायोलॉजिक अशी लागू पडतात असं नाही. संधिवातात उत्तम चालणारं इटॅनरसेप्ट याच आजारात १८० रुग्णांवर वापरून पाहिलं, २००५ साली निष्कर्ष आला. उपयोग नाही. नाव वाचून औषध मागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अमक्याच्या गुडघ्याला लागू पडलेलं इंजेक्शन तमक्याच्या किडनीला चालत नाही.

घेताना काय होतं? सकाळी आठला डे-केअरमध्ये जायचं. आधी तापाची गोळी, ॲव्हिल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन, कारण औषध परकं प्रथिन आहे आणि अंग खवळू शकतं. मग सलाईनमधून अगदी हळू, थेंब मोजत. अर्ध्या तासानं नर्स येते, रक्तदाब बघते, वेग थोडा वाढवते. पुन्हा अर्ध्या तासानं. पहिल्या वेळी माझा घसा खाजला, अंगावर काटा आला. त्यांनी वेग कमी केला, पुन्हा चालू केलं. सहा तास लागले. पंधरा दिवसांनी दुसरा डोस. नंतर काही वर्षं दर सहा महिन्यांनी अर्धा ग्रॅम. ॲव्हिलमुळं झोप अशी येते, की या सगळ्या वर्षांत त्या खोलीत एक ओळ सुचलेली नाही.

ताप आठवड्यात गेला, पण तो स्टिरॉइडनं गेला. रिटुक्सिमॅबचं काम सावकाश चालतं. तीन महिन्यांनी लघवी स्वच्छ आली. चप्पल पायात टिकायला आठ महिने लागले. किडनीचा जो भाग वाळला तो वाळलाच. दोन महिने आधी सुरुवात झाली असती तर कदाचित वाचला असता, आणि हे मी नव्हे, आकडे पाहून डॉक्टर सांगतात.

आता क्षयाच्या दुसऱ्या सावलीकडं येतो. पहिली सावली आजार झाकते, ती मी सांगितली. दुसरी पडते ती उपचार सुरू केल्यावर. लंडनमध्ये १९९२ साली रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी संधिवाताच्या वीस रुग्णांना टीएनएफ नावाचा दाह पेटवणारा रेणू अडवणारं प्रतिपिंड दिलं. मैनी जन्मानं लुधियानाचे. तिथून इन्फ्लिक्सिमॅब आलं, पुढं अडालिमुमॅब आणि इतर. लाखो लोकांचे सांधे वाचले. पण हा टीएनएफ शरीरात उगाच नव्हता. जुन्या क्षयाचे जंतू फुफ्फुसात भिंत घालून कोंडलेले असतात आणि ती भिंत उभी ठेवण्यात त्याचा मोठा हात असतो. तो अडवला की भिंत ढासळते. २००१ साली अमेरिकेतून इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या सत्तर रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना तो फुफ्फुसाबाहेरही पसरला होता. तिथं, जिथं टीबी शोधावा लागतो! आपल्याकडं तर किती जणांच्या छातीत तो निजलेला असेल.

म्हणून या औषधांच्या आधी छातीचा फोटो, हातावरची मॉन्टू किंवा रक्ताची तपासणी होते आणि शंका असेल तर क्षयप्रतिबंधक गोळ्या आधी द्याव्या लागतात. हिपॅटायटिस बी आहे का हेही बघतात, विशेषतः रिटुक्सिमॅबच्या आधी, कारण दबलेली कावीळ उसळू शकते. क्षयाचा धोका रिटुक्सिमॅबला त्या मानानं कमी. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्या बायोलॉजिक नाहीत, स्वस्त मिळतात, पण तीच काळजी त्यांनाही हवी. ‘तपासण्या कशाला, इंजेक्शन टोचून मोकळं करा’ म्हणणारे नातेवाईक मी डे-केअरच्या बाहेर पाहिले आहेत. त्या तपासण्यांवर पैसे वाचवू नका.

डे-केअरमध्येच एक मुलगी भेटायची. नाव सांगत नाही, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा व्हॅस्क्युलायटिस वेगळा. ताकायासू. हा मोठ्या धमन्यांना धरतो, बहुतेक वेळा चाळिशीच्या आतल्या बायकांना, आणि युरोपापेक्षा आपल्याकडं आणि जपानात अधिक दिसतो. १९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्यानं एका एकवीस वर्षांच्या मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र कडी दाखवली. त्याच सभेत दुसऱ्या दोघांनी सांगितलं, की असे रुग्ण आम्हीही पाहिलेत आणि त्यांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. पुढं या आजाराला ‘नाडी नसलेला आजार’ असंच नाव पडलं. क्षयाशी याचाही संबंध असावा असा आपल्याकडं फार जुना संशय आहे. पुरावा पक्का झालेला नाही, पण बघा, सावली इथंही आहेच.

या मुलीला बसमध्ये दांडा धरून उभं राहिलं की हात भरून यायचा. कणीक मळताना मध्ये थांबावं लागायचं. दोन ठिकाणी रक्तदाबाच्या मशीननं डाव्या हातावर आकडाच दाखवला नाही. दोन्ही ठिकाणी मशीन बिघडलं असं ठरलं. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोन्ही मनगटं दोन हातांत धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

या आजारात भारतीय डॉक्टरांनी एक मोलाचं काम केलं आहे. आजार जागा आहे की निजला आहे हे खाटेशेजारी मोजण्याची एक पद्धत त्यांनी बसवली. ‘आयटॅस २०१०’ हे तिचं नाव. लखनौ, वेल्लोर अशा ठिकाणचे तज्ज्ञ त्यात होते. तिचा भर आहे तो हातानं नाडी पाहणं, कानानं धमनीचा आवाज ऐकणं, दोन हातांच्या रक्तदाबातला फरक टिपणं यावर. त्या मुलीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण ती टोसिलिझुमॅबवर होती. हे औषध आयएल-६ नावाच्या रेणूचं काम अडवतं. त्यामुळं रक्तातला सीआरपी खाली येतोच, आजार शांत असो वा नसो. कागदावर सगळं छान दिसतं, ताप लपतो, जंतुसंसर्गही लपतो. शेवटी नाडीवर हात ठेवणारं कुणीतरी लागतंच.

मग २०२१ चा एप्रिल आला. टोसिलिझुमॅब कोरोनाच्या गंभीर रुग्णांना देतात ही बातमी पसरली आणि परदेशातून येणारं ते औषध बाजारातून गायब झालं. राज्यांना मोजून बाटल्या मिळू लागल्या. पुण्यात लोक चिठ्ठ्या घेऊन रात्री-अपरात्री फिरत होते, काळ्या बाजाराच्या बातम्या रोज येत होत्या. ज्यांची माणसं गुदमरत होती त्यांना काय बोलणार? पण जी मुलगी दर महिन्याला ते घेत होती, तिचे दोन महिने चुकले. स्टिरॉइड वाढवून कसेबसे काढले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हेटेरो या हैदराबादच्या कंपनीच्या टोसिलिझुमॅबला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली, तोवर ती लाट ओसरली होती.

माझी गंमत वेगळीच. जगाला कोविशील्ड पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, मांजरीला. आणि माझ्या अंगात ती लस टोचून प्रतिपिंडं तयार करणाऱ्या बी पेशीच शिल्लक नव्हत्या. मार्चमधला डोस डॉक्टरांनी पुढं ढकलला, एप्रिलमध्ये लस घेतली, महिन्यानं प्रतिपिंडं मोजली. जवळपास शून्य. डॉक्टर म्हणाले, लस वाया गेली असं नाही, संरक्षणाची दुसरी फळीही असते. पण मास्क काढू नका. ते वर्ष मी खिडकीत काढलं. जनाजे खिडकीतून पाहिले, खांदा देता आला नाही. रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधी न्यूमोनियाची, फ्लूची लस घेऊन टाका असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. नंतर घेतलेली लस अंगी लागत नाही.

पैशाचं बोलल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही. मूळ कंपनीचं औषध घेतलं असतं तर पहिल्या दोन डोसांना माझा सहा-सात महिन्यांचा पगार गेला असता. देशी औषधावर तीन महिन्यांचा गेला. पेटंट संपल्यावर किंवा नसलेल्या ठिकाणी दुसऱ्या कंपनीनं तयार केलेल्या, मूळच्याशी जुळणाऱ्या औषधाला बायोसिमिलर म्हणतात. त्यात भारत पुढं आहे. डॉ. रेड्डीजनं २००७ साली रिटुक्सिमॅब आणलं, सुमारे निम्म्या किमतीत. २०१४ च्या डिसेंबरात झायडसनं अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर बाजारात आणलं. ल्युपिनचा जैवऔषधांचा विभाग तर पुण्याजवळच आहे. त्यांच्या इटॅनरसेप्टला २०१९ मध्ये जपाननं आणि २०२० मध्ये युरोपानं मान्यता दिली. ‘देशी म्हणजे हलकं’ असं म्हणणाऱ्या माझ्या मेहुण्याला मी हे दोन आकडे तोंडपाठ करून ऐकवले होते.

तरीही तीन महिन्यांचा पगार म्हणजे तीन महिन्यांचा पगार. बायकोची भिशी होती. तिचा नंबर डिसेंबरात होता. भिशीतल्या बायकांनी आपापसात ठरवून तो फेब्रुवारीत घेतला, एकीनंही कारण विचारलं नाही. विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन हा बारा आधुनिक उपचारांपैकी एक धरून तो सरसकट वगळू नये, असं विमा नियामकांनी २०१९ साली बजावलं आहे. मात्र कंपनी त्यावर वरची मर्यादा घालू शकते आणि ती बारीक अक्षरांत असते. ग्रंथालयात काम केल्यानं बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे, ती अशी कामाला आली.

श्रोत्यांपैकी कुणाच्या घरात असं काही असेल, तर सांगण्यासारखं एवढंच. उपचार सुरू होऊन दोन महिन्यांत फरक नसेल तर निदान पुन्हा तपासा म्हणण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. लघवीची साधी तपासणी स्वस्त आहे, ती करून घ्या. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजायला सांगा. पूर्वीच्या टीबीचे कागद, घरात कुणाला झाला असेल तर तेही, लाज न बाळगता दाखवा. ही औषधं मनानं बंद करू नका. आणि घेत असताना ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणत चार दिवस काढू नका.

माझा पुढचा डोस आता ठरलेल्या तारखेला नसतो. रक्तातल्या बी पेशी आणि प्रतिपिंडांची पातळी मोजायची आणि मग ठरवायचं. गेल्या खेपेला पातळी खाली होती, म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. ती मुलगी आता एका पतपेढीत नोकरीला आहे. तिचं टोसिलिझुमॅब चालू आहे. डाव्या हाताची नाडी परत आली नाही, रक्तदाब अजून पायालाच मोजतात. नवीन नर्स आली, की ती आधीच सांगून टाकते, ‘ताई, मशीन चांगलं आहे. पट्टा पायाला बांधा.’